सुरेशने निवडलेला कोळी

हात जोडलेले इमोजी टाकणाऱ्याला मी ब्लॉक करणार आहे. आधीच सांगते.

आज माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला, जाऊन वर्ष झालं.

सकाळी आमचा चुलत भाऊ रमेश याने त्याचा फोटो टाकला. भोवती गुलाबाच्या पाकळ्या, मागे बासरी. खाली 'आमचा वाघ'.

रमेश, हा वाघ चिखलीत पुढच्या खोलीत तीन वर्षं पलंगावर होता. तू चारदा आलास.

सुरेश वायरमन होता. अमडापूरकडे विहिरीवरच्या मोटारीचं काम करताना आत पडला. कमरेखालचं सगळं गेलं. मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. बॅग भरली आणि त्याच्याकडे राहायला आले.

लोक भेटायला यायचे. चहा प्यायचे. आणि प्रत्येक जण त्याच्या पायाला चिमटा काढून बघायचा.

"इथं समजते काय?"

"नाही."

"अन् इथं?"

रमेश तर उशाशी उभा राहून मला म्हणाला, "लय कामाचा गडी होता, ताई."

होता.

सुरेश टक्क जागा होता.

रमेश गेल्यावर तो म्हणाला, "ताई, सारे मलेच पाहायले येतात. त्याईले दुसरं कायीतरी पाहायले ठेव ना इथं."

"टीव्ही आहे की."

"टीव्ही त्याईच्या घरी बी हाय."

मोबाईलवर शोधून शोधून त्याने ठरवलं, टॅरेंटुला. तळहाताएवढा केसाळ कोळी.

मी आधी रागावले. मग वाचायला बसले. मी बीएस्सी आहे, कोळ्याला घाबरत नाही.

वाचलं ते असं. बहुतेक टॅरेंटुला एका जागी आठवडाभर बसून राहतात. पेटीत दगड ठेवल्यासारखं. काही बीळ करून आत जातात, मग पाहायला नुसतं भोक. काही इतके चपळ की झाकण उघडलं की बाहेर. ज्याला उठून पळता येत नाही त्याच्या खोलीत तसला नको.

आम्हाला हवा होता बिळाबाहेर राहणारा, दिवसा हिंडणारा, पलंगावरून दिसणारा.

माझ्या अटी दोन. कागदपत्रं पक्की हवीत. आणि मादी हवी, कारण मादी पंधरा वर्षं जगते.

"पंधरा वर्षं तिले पाहीन कोन?" सुरेश म्हणाला.

"तू पाहशील."

त्याने मोबाईल उचलला. मग म्हणाला, "बरं. मादीच सांगतो."

लपवत नाही. पंधरा वर्षांचं जनावर घरात आलं की हाही तेवढा राहील, असा माझा डाव होता.

दहा दिवसांनी ती आली. निळे पाय, नारिंगी पोट. सुरेशने नाव ठेवलं मॅडम. शाळेत मला तेच म्हणायचे.

मॅडम दिवसभर काचेच्या पेटीत येरझारा घालायच्या. मध्येच थांबून तोंडाजवळच्या दोन आखूड पायांनी जमिनीवर ठोकायच्या. थांबायच्या. पुन्हा ठोकायच्या.

"पाह्य ताई, मॅडम टेबलावर छडी आपटून राह्यल्या. वर्ग लय गोंधळ करते वाटते."

खायच्या मात्र फार कमी. सोयाबीनवर फवारणी असते, म्हणून मी उन्हात पडीक रानात जाऊन नाकतोडे धरून आणायचे. मॅडम बघायच्यासुद्धा नाहीत.

"काऊन खात नाही रे ही?"

"उपास हाय मॅडमचा."

त्यानंतर सुरेशच्या पायाला कुणी चिमटा काढला नाही. खुर्च्याच पेटीकडे वळल्या.

रमेश, तू तर झाकण बंद असताना फाटकापर्यंत पळालास. एक चप्पल खोलीतच राहिली. सुरेश मागून ओरडला, "चप्पल ने बे. मॅडमले आठ लागतात, एकीनं काय होते?"

खोकला येईपर्यंत हसला तो. विहिरीत पडल्यापासून पहिल्यांदा.

असे सात महिने गेले. मग किडनीला संसर्ग झाला. चार दिवस दवाखान्यात, आणि संपलं.

त्याच्यानंतर महिनाभरात मॅडमनी पाय पोटाखाली घेतले. पुन्हा उघडले नाहीत.

पंधरा वर्षं जगणारं जनावर आठ महिन्यांत कसं मेलं? ऊन लागलं? की एखादा नाकतोडा फवारणीतला होता?

रमेश, त्याच आठवड्यात अंगणात तू म्हणालास, "दोघंही ताईच्याच हातून गेले."

मी आत होते. ऐकलं. बाहेर येऊन बोलले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

माझी चूक कळावी म्हणून मी सुरेशचा मोबाईल चार्ज केला. विकणाऱ्याला विचारायचं होतं. त्यांचं जुनं बोलणं तसंच होतं.

विकणाऱ्याने लिहिलं होतं, "दादा, तुम्ही निवडला तो पूर्ण वाढलेला नर आहे. मादी शोधतो आहे म्हणून एवढा फिरतो, ठोकतो. खाणार नाही फारसं. सात-आठ महिने जगेल. मादी घ्या, पंधरा वर्षं राहते. पण पडून राहते."

खाली सुरेशचं उत्तर.

"पडून राहणारा एक घरात हायच. मले फिरणारा पाठवा. अन् ताईले सांगू नका."

रमेश, तो फोटो आज काढ. तो वाघ नव्हता, आणि माझ्या हातून दोघांपैकी कुणीही गेलं नाही.

सुरेश, मादी म्हणून सांगितलंस ते मी माफ केलेलं नाही. मी पंधरा वर्षांच्या तयारीने आले होते.

पेटी पुसून पुढच्या खोलीतच ठेवली आहे.

तुझी ताई तुला निरोप देते. आता हवं तितकं फिर.