बेबीताई सांगतील ते

बेबीताईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी सेलूत दर रविवारी दुपारी त्या आम्हाला इंग्रजी वाचून दाखवायच्या. नव्वदच्या सुमारास दूरदर्शनवर बंगाली, मल्याळी असे बक्षीस मिळालेले सिनेमे लागत, खाली इंग्रजी ओळी. टीव्ही बेबीताईंचा, त्यांच्या बटणं-रिबिनींच्या दुकानामागच्या खोलीत. प्रेक्षक म्हणजे गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी, निवडायला भाजी घेऊन. त्या सिनेमांत गाणी नसत, मारामारी नसे. एक बाई असे, एकटी. ती नदीकडे बघत बसली की आमच्या दोन किलो वालाच्या शेंगा सोलून व्हायच्या.

बेबीताई पंचेचाळिशीच्या, बिनलग्नाच्या, लुनावरून वर्ध्याहून माल आणणाऱ्या. पडद्यावरचे ओठ हलले की त्या बेधडक सांगायच्या, "म्हणून राह्यली, मले कोणाच्या भाकरी थापाच्या नाईत."

आमच्यातल्या शांताकाकू विचारायच्या, "अवं, पण हिच्या नवऱ्याचं काय?"

"त्याले डबा लावून देल्ला."

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होते. खाली बहुधा 'पाऊस येईलसं वाटतं' एवढंच लिहिलेलं असायचं. मी ते कधी सांगितलं नाही, कारण बेबीताईंची गोष्ट जास्त चांगली असायची.

त्यांच्या भावाला, मोरेश्वरदादाला, बहिणीचं हे एकटं राहणं फार खुपायचं. एका रविवारी तो पुलगावच्या देवरावजींना स्थळ म्हणून घेऊनच आला. विधुर, लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले कारकून, हातात छत्री. दादानं बहिणीला आमच्यादेखत बजावलं, "यावेळी होच म्हणजो. दुकान मी पाहीन." म्हणजे दुकान गेलं, खोलीही गेली. बेबीताईंचा चेहरा इतका उतरला की मलाच रडू यायला लागलं. पण सिनेमाची वेळ झाली होती. त्यांनी पाहुण्यांपुढे पोहे ठेवले आणि टीव्ही लावला.

त्या दिवशीची बाई घर सोडून निघालेली होती. दीड तास नुसती चालत होती. देवरावजी पोह्यांची बशी हातात धरून बघतच राहिले.

"कुठं चालली हो ही?"

"तिलेच माईत नाई," बेबीताई म्हणाल्या.

शेवटी ती स्टेशनावर थांबली, आमच्याकडे वळली आणि काहीतरी बोलली. खाली आलं, 'मी नवऱ्याकडे परत जाते आहे.'

बेबीताईंनी खणखणीत सांगितलं, "म्हणते, माहं मी पाहून घेईन. कोणी मांगं येऊ नका."

देवरावजी खाकरले. या माणसानं डेपोत तीस वर्षं इंग्रजी पत्रं वाचलीत, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. दादानंही संधी साधली. "पाव्हणे, तुमाले तं इंग्रजी येते. खरंच असं म्हणते का ते?"

"बाईंनी बराबर सांगतलं," देवरावजी म्हणाले. मग शांतपणे पोहे संपवले, छत्री उचलली. "मोरेश्वरजी, तुमच्या बहिणीले लगनाची काई गरज नाई. उगाच मागं लागू नका."

दादाचा चेहरा पाहून शांताकाकूंना हसू आवरेना. देवरावजी दारापर्यंत पोचले तेव्हा बेबीताई घाईघाईनं म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येजा. पिक्चर पाहाले."

ते आले, आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिले. दोन वेगळ्या खुर्च्या, मधे शेंगांनी भरलेलं सूप. साडेचारच्या बसनं परत पुलगाव. "जमलं काय वं?" असं कोणी विचारलं की बेबीताई म्हणायच्या, "काय जमाचं? पिक्चर पाहून राह्यलो." शेवटपर्यंत दुकानाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

त्या गेल्या तेव्हा देवरावजी खूप थकले होते, तरी आले. मी त्यांना विचारलंच, "तुम्ही त्या दिवशी खोटं काऊन बोलले?"

"खोटं?" ते म्हणाले. "पोरी, तू खालचं वाचून राह्यली होती. मी त्या बाईचं तोंड पाहून राह्यलतो. ते काय वापस जाणारं तोंड होतं? लिहिणाऱ्याचंच चुकलं."