सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ

आमच्या मेहुण्याला सगळी गल्ली ‘तात्पुरते’ म्हणते. नव्या माणसाला ते आडनाव वाटतं. खरं कारण असं की त्याच्या मामांच्या चष्म्याच्या दुकानात हा पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, “हे आपलं तात्पुरतं हं. मी मुळात पटकथा लिहितो.” समोरच्यानं बिचाऱ्यानं फक्त चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय एवढंच म्हटलेलं असायचं. त्याला आता इतकी वर्षं झाली की तेव्हा पाळण्यात असलेली पोरं फळ्यावरचं दिसत नाही म्हणून त्याच्यापुढे येऊन बसतात.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चित्रीकरणाच्या मोठ्या आवाराचं फाटक आहे. मालिका तिथे तयार होतात. तात्पुरते काचा घासायचा दुकानात आणि बघायचा फाटकाकडे. रस्ता ओलांडायला माणसाला किती वेळ लागतो? त्याला अजून जमलं नव्हतं.

तरी तो स्वस्थ बसणाऱ्यांतला नाही. जवळचं दिसतं की नाही हे पाहायला गिऱ्हाइकाच्या हातात एक पुठ्ठा देतात. वर मोठी अक्षरं, खाली येता येता बारीक, आणि तळाशी मुंगीएवढी. त्यावर पूर्वी आरोग्यावरचा उतारा होता. तो वाचून ठणठणीत माणसालाही जांभई यायची. तात्पुरतेनं तो काढला आणि स्वतःच्या गोष्टीतला प्रसंग छापून लावला. गोष्ट जसजशी रंगेल तसतसं अक्षर बारीक, आणि खरी गंमत सगळ्यात खाली. माणसं पुठ्ठा नाकाशी नेत, मग हात लांब करत, मग उजेडाकडे वळत, आणि शेवटी कळवळून म्हणत, “अहो, कुठलीही काच लावा, पण पुढचं वाचू द्या!” मामा आधी भडकले होते. विक्री वाढल्यावर त्यांनाही साहित्याची गोडी लागली.

सध्याच्या पुठ्ठ्यावर एक बाई होती. पुष्कळ वर्षांनी ती आपल्या जुन्या घराच्या दाराशी येते. घर कधीच विकलंय, किल्ली मात्र अजून पर्समध्ये आहे. ती घंटा वाजवते. आणि मुंगीएवढ्या अक्षरात: आतून तिच्याच आवाजात कुणीतरी विचारतं, ‘कोण आहे?’

इथे पुठ्ठा संपायचा. शेजारच्या इमारतीतल्या आजी या एका ओळीपायी पुन्हा पुन्हा डोळे तपासून घ्यायच्या.

“अरे मेल्या, पण आत आहे कोण?”

“पुढच्या वेळी सांगतो, आजी.”

अशात लेखकांनी संप पुकारला. त्यांच्या जुन्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवतात आणि लिहिणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, असं भांडण होतं. रोज सकाळी लेखक मंडळी हातात फलक घेऊन फाटकासमोर गोल गोल चालायची. आतली कामं थांबली. आणि बाहेर आमच्या मेहुण्याचं डोकं फिरलं.

“आमचा संप आहे, ताई,” तो जेवताना म्हणाला.

ताई म्हणजे आमची सौ. तिचा वाढता हात थांबला. “तुमचा? अरे, ज्यांना कामावर ठेवलंय ते काम बंद करतात. तुला कुणी ठेवलंय?”

“पाठिंबा म्हणून. मी लिहिणं बंद केलंय.”

“मग आधीच्यात आणि आत्ताच्यात फरक कसा ओळखायचा म्हणे?”

तो पानावरून उठला नाही, एवढंच. पण लिहिणं त्यानं खरोखर बंद केलं, आणि हातांना काम उरलं नाही. पुसलेल्या काचा तो परत पुसू लागला. फ्रेमा आधी रंगाप्रमाणे लावल्या, मग आकाराप्रमाणे, मग होत्या तशा. गिऱ्हाइकाला “हे स्पष्ट की ते?” असं विचारून उत्तराच्या वेळी स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहायचा. मामा म्हणाले, “संप त्यांचा आणि दिवाळं माझं!”

एका दुपारी समोरच्या कंपनीचा माणूस आला. मालिकांचे भाग वेळेवर तयार करून घेणं हे त्याचं काम, आणि सध्या तेच होत नव्हतं. त्या तारांबळीत तो गाडीत स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता. तात्पुरतेनं त्याच्या हातात पुठ्ठा दिला. तो वाचत वाचत खाली आला आणि शेवटच्या ओळीला अडला. काच बदलली. त्यानं ओळ वाचली आणि पुठ्ठा पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

“कुणाचं हे?”

“आमच्या भाच्याचं!” मामांनी आतूनच ओरडून सांगितलं.

“लेखकांच्या संघटनेत आहेस?” त्यानं तात्पुरतेला विचारलं.

“नाही. आधी काम मिळालं पाहिजे, मग सभासद होता येतं.”

“मग तुला अडवणार कोण? सोमवारी ये. मागच्या फाटकानं. या बाईचेच भाग करून टाकू. नाव सध्या नको लावायला, ते नंतर बघू. आणि हो, माझा चष्मा?”

“सोमवारीच,” तात्पुरते म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला धड बसता येईना. हा या खोलीतून त्या खोलीत. नळ सुरू करायचा आणि कशाला केला ते विसरायचा. दाढी एकाच गालाची केली.

“जा की!” सौ. म्हणाली. “इतकी वर्षं त्या फाटकाकडे डोळे लावून बसलास. तुझ्यासाठी कुणी थांबलं होतं का?”

“पण ताई, मागचं फाटक...”

“फाटक ते फाटक! आत गेल्यावर कोण विचारतं कुठून आलास?”

“ते बाहेर उन्हात चालताहेत आणि मी मागून घुसायचं?”

“मग चाल तूही! जन्मभर गोल गोल चाल!”

माझं मत विचारलं तेव्हा मी म्हणालो की दोघांचंही बरोबर आहे. त्यावर दोघांनीही माझ्याशी बोलणं सोडलं.

शनिवारी संपातल्या एक बाई दुकानात आल्या. संपावर माणसं आपली राहून गेलेली दुरुस्ती करून घेतात. कुणी दाढ, कुणी गुडघा. बाईंना डोळे तपासायचे होते. केस पिकलेले, आवाज खणखणीत, आणि हातातला फलक त्यांनी काउंटरला छत्रीसारखा टेकवून ठेवला. तात्पुरतेनं त्यांच्या नाकावर तपासणीची ती जड चौकट चढवली आणि घसा खाकरला.

“माझा एक मित्र आहे...”

“काय करतो?”

“चष्म्याच्या... म्हणजे, दुकानातच असतो. त्याला समोरच्या कंपनीनं लिहायला बोलावलंय. मागच्या फाटकानं.”

बाईंनी एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्यावर झाकण होतं. “मित्राला सांग, तो सभासद नाही, त्याला कुणीही बांधलेलं नाही. पण संप चालू असताना असा आत गेलेल्याला संघटना पुढे दारात उभं करत नाही. आणि संप मिटला की हीच कंपनी त्याला ओळख दाखवत नाही. हे कळल्यावर जायचं तर जाऊ दे त्याला.”

“मग त्यानं करायचं तरी काय, बाई? मी... त्यानं तर लिहिणंसुद्धा बंद केलंय. पाठिंबा म्हणून.”

बाई इतक्या हसल्या की चौकट ओठांवर आली. “अरे वेड्या! संप त्यांना लिहून न देण्याचा आहे. घरी बसून स्वतःचं लिहायला कोण नको म्हणतं? किती वर्षांनी मी स्वतःचं काही लिहितेय! लिहावं, चार जणांना वाचून दाखवावं, वेळ असेल तर आमच्याबरोबर चार फेऱ्या माराव्या. विकू मात्र नये. आण तो पुठ्ठा.”

त्यांनी वाचलं. शेवटची ओळ झाल्यावर मान वर केली. “आत कोण आहे?”

“पुढच्या वेळी” हे शब्द त्याच्या ओठांवर आलेसुद्धा. पण बाई नुसत्या बघत राहिल्या.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

हे तो पहिल्यांदाच बोलला, असं त्यानंच मला नंतर सांगितलं. इतक्या वर्षांत पुठ्ठे कितीतरी झाले, पण एकही गोष्ट पुठ्ठ्याच्या खालच्या कडेच्या पुढे गेली नव्हती. अर्ध्या गल्लीला त्यानं दारात उभं करून ठेवलं होतं, आणि दार उघडायची किल्ली त्याच्याकडेच नव्हती. फाटक उघडत नाही, वेळ मिळत नाही, संप आहे. कारणं मात्र भरपूर.

रविवारी तो आतल्या खोलीत शिरला. आधी बराच वेळ नुसत्या येरझाऱ्या. मग दोन आवाजांत बोलणं, एक दाराबाहेरच्या बाईचा, एक आतला. शेजारणीनं येऊन विचारलं, “तुमच्याकडे कुणी पाहुण्या आल्यात का?” सौ.नं रेडिओ बंद केला, आणि जेवायला हाक मारायच्या ऐवजी ताट दाराशी ठेवून आली. संध्याकाळी दार उघडलं. केस पिंजारलेले, एक गाल अजून तसाच.

“कळलं,” तो म्हणाला.

“कोण आहे आत?” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

“थांबा हो!” म्हणून तो परत आत गेला.

सोमवारी मी कचेरीची वाट सोडून मुद्दाम दुकानात जाऊन बसलो. कंपनीवाला आला. तात्पुरतेनं नवा चष्मा त्याच्या कानांवर नीट बसवला आणि हातात पुठ्ठा दिला. पुठ्ठाही नवा होता: त्याच बाईची पुढची गोष्ट, आतून कडी वाजेपर्यंत. तो माणूस वरून खाली वाचत गेला, अगदी मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, न अडता. मग त्यानं पुठ्ठा उलटा करून पाहिला. मागे कोरा.

“पुढे?”

“आहे. पूर्ण लिहिलंय.”

“वा! चल मग, गाडी मागच्या फाटकाशीच आहे.”

तात्पुरते एक स्वच्छ काच पुसत होता. “संप मिटला की घेऊन येतो. पुढच्या फाटकानं.”

“तेव्हा रांग असेल, बाबा. तेव्हा मी तुला ओळखणारसुद्धा नाही.”

“ओळखाल की. चष्मा चांगला झालाय.”

मामांना ठसका लागला. कंपनीवाला निघाला, दारात थांबला आणि मागे वळला. “असतं कोण आत?”

“तेही संप मिटल्यावर.”

तो गेला. तात्पुरते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसला. “भाऊजी, गेलं का हो सगळं?”

मी बाहेर पाहिलं. समोर फाटक बंद होतं. फलक गोल गोल फिरत होते, त्यांत बाईंचाही दिसला. बाजूच्या रस्त्यानं एक गाडी मागच्या अंगाला वळली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तो मान लांब करून बघत राहिला.

तेवढ्यात आजी आल्या. “उघडलं का रे बाबा दार?”

तो उठला, आजींना खुर्चीत बसवलं, आणि खणातून कागदांचा गठ्ठा काढला. मामांनी तोंडानं “गिऱ्हाइकाची वेळ आहे ही” असं म्हणत आपलं स्टूल पुढे ओढलं. तो वाचू लागला. पण दर दोन ओळींनी त्याची नजर रस्त्यापलीकडे जायची, आणि दर वेळी आजी त्याच्या हातावर चापट मारून म्हणायच्या, “इकडे बघ. पुढे?”