प्रागच्या चौकातला बाक

दिवसभराच्या मीटिंगा उरकून बेसमेंटमधल्या घरच्या ऑफिसातून वर आलो, तर मुलीने प्रागच्या ट्रिपसाठी मागवलेले नवे बूट आले होते. खोका उघडला आणि रबराच्या त्या वासाने मला वीस वर्षं मागे नेलं.

प्रागच्या दगडी रस्त्यांवर आईच्या पायातही असेच कोरे बूट होते. टाचा पार सोलल्या होत्या. चौकात सावलीत एक बाक होता. त्याच्याकडे बघत तिने विचारलं, "पाच मिनिटं टेकू का रे?"

"आई, अजून सहा ठिकाणं राहिलीत," मी घड्याळ दाखवलं. ती लंगडत मागे आली.

आता आई नाही.

"बाबा, मस्ट-सी काय आहे तिथे?" मुलीने विचारलं.

त्या सहांतलं एकही ठिकाण मला आठवेना.

"चौकात एक बाक आहे," मी म्हटलं. "तिथे बस थोडा वेळ."