भाज्याच्या वाटेवर हवेची बाटली

१. द्रवरूप हवेची बाटली घेऊन मी मुंबईहून पहाटेच्या गाडीने निघाले.
२. मळवलीला उतरून बैलगाडी केली.
३. भाज्याच्या अलीकडे बाटली फुटली. कोणाला इजा नाही.
४. शाळेत दाखवायला काही उरले नाही.

हवेचेही पाणी करता येते, हे मास्तरांनी वर्गात शिकवलेले भाज्याच्या पाटलांना थाप वाटली. त्यांनी मास्तरांना बजावले होते, "वाऱ्याचं पानी दावा, मग पोरींचं बघू." चौथीपुढच्या सहा मुलींची नावे शाळेत राहणार की निघणार, ते यावर ठरणार होते. मी ऑक्सिजनच्या कारखान्यात चाचणीचे काम करते, म्हणून मास्तरांनी मला बोलावले.

लोणावळ्याला गाडी बदलावी लागते. फलाटावर चहा बरा मिळतो. मळवलीहून भाजे पायीही जवळ आहे, पण बाटली जड, म्हणून स्टेशनवर दूध घालून परतणाऱ्या धोंडीआबांच्या गाडीत बसले.

"वाऱ्याचं पानी करत्यात कसं?" आबांनी विचारले.

"हवा दाबायची. दाबली की तापते, ती पाण्याने निववायची. मग बारीक भोकातून एकदम सोडायची, की आणखी गार होते. असे पुन्हा पुन्हा केले की शेवटी थेंब पडतात."

"आन् पितात व्हय?"

"नाही."

"मग एवढा खटाटोप कशापायी?"

ओढ्याच्या उतारावर मी खाली उतरून मागून चालू लागले. बाटली आबांनी मांडीवर घेतली. पुन्हा पाहिले तेव्हा तिच्या तोंडावरची पांढरी वाफ थांबली होती.

"आबा, तोंडाला काय लावलंत?"

"सांडाय लागलं. किटलीला घालतो तसा पेंढ्याचा वला बोळा घातला."

बोळा गोठून घट्ट झाला होता. आत द्रवाची पुन्हा हवा होत होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती.

"ती हळूच खाली ठेवा आणि इकडे या."

"आन् बैलं?"

"बैलही आणा."

आम्ही बांधाआड थांबलो. आवाज फार मोठा झाला नाही. पांढरे धुके गवतावरून सरकत गेले आणि विरले.

शाळेत पाटीलही येऊन बसले होते. मी झाले ते सांगितले. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग ती हवा कुटं गेली?"

"जिथून घेतली होती तिथे."

पाटील हसले नाहीत. आबाच पुढे झाले. "पाटील, म्या बगितलं. वारा कोंडला तर काच फोडतोय."

"तू बगितलंस. आमी कुटं बगितलं?" पाटील मास्तरांकडे वळले. "रविवारी परत आना. तवर नावं काढत न्हाई."

घरी येऊन दोन दिवस झाले. धुके विसरले आहे. आठवतो तो त्या मुलीचा प्रश्न. तो विचारायला ती वर्गात हवी.

रविवारी दुसरी बाटली नेते आहे. उतारावर बाटली, तिचे तोंड न बुजवता, हातात धरून बसायला माझ्याबरोबर एकजण हवी. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.