घाटात गाडीला बांधलेलं बँडेज

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू आर्मीत नक्की काय करायचीस?" फोनवर मी म्हणाले, इंजेक्शनं द्यायचे. ते खरंच आहे. पण एकदा मी एका गाडीला बँडेज बांधलं, तेही लिहून ठेवायला हवं. गाडीची कुरकूर तुम्हाला आता पडद्यावर वाचता येते. आम्हाला तेव्हा ती हाताने शोधावी लागली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी कॅप्टन होते, नर्सिंग ऑफिसर. तुमचे आजोबा देवपूरला कॉलेजात शिकवत होते आणि माझं पोस्टिंग होतं चारशे मैलांवर. त्या हिवाळ्यात आमच्या मिलिटरी हॉस्पिटलने माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या तपासणीसाठी एक मेडिकल पार्टी खानदेशात पाठवली. सहा आठवडे, मुक्काम पहूर. पार्टीचे प्रमुख एक मेजर साहेब, डॉक्टर. प्रशासन आणि वाहनं माझ्याकडे.

वाहनं दोन. एक आमची अँब्युलन्स. दुसरी एका केळी व्यापाऱ्याने वापरायला दिलेली जुनी परदेशी स्टेशन वॅगन. मुंबईच्या लिलावात घेतलेली, डिझेलची आणि टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. हे मला हवालदार भीमराव सुरवाडे यांनी शिकवलं. ते व्हेइकल मेकॅनिक, वय तेहतीस, आणि पहूरचेच. पार्टीत त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी रजा मागितली नाही. फक्त रोज संध्याकाळी तासभर आईकडे जाण्याची परवानगी मागितली. ड्रायव्हर होता नाईक पाटील, एरंडोलकडचा. तो माझ्याशी मराठीत आणि गाडीशी अहिराणीत बोलायचा, कधी कधी चुकून माझ्याशीही; त्याचं 'शे' म्हणजे आपलं 'आहे'.

माझा दिनक्रम ठरलेला. ०६०० वाजता व्हेइकल मेंटेनन्स परेड. बॉनेट उघडं, तेल, पाणी, बेल्ट, नटबोल्ट. ०६३० ला मी स्वतः इन्स्पेक्शन करायचे. इंजिनावर धुळीचा कण दिसता कामा नये, ही माझी ऑर्डर. व्यापाऱ्याची गाडी आरशासारखी परत करायची होती. लॉगबुकात मी गाडीच्या टापटिपीबद्दल रोज लिहायचे, "टर्नआउट उत्तम."

पाचव्या आठवड्यात ती गाडी ओढेनाशी झाली. सपाट रस्त्याला ठीक, जरा चढ आला की दम टाकायची. मागे काळा धूर.

रविवारी सुरवाड्यांनी बॉनेट उघडलं. आधी एअर फिल्टर. कापसाचा हंगाम होता, रस्ताभर कापसाच्या गाड्या चाललेल्या. फिल्टर उशीसारखा भरला होता. तो झटकला, थोडा फरक पडला. मग डिझेल फिल्टर बदलला. मग टर्बोचं तोंड उघडून त्यांनी पंखा बोटाने फिरवला, आसाला ढिलाई आहे का बघितलं. ढिलाई नव्हती. गावातल्या गॅरेजवाल्याने लांबूनच निकाल दिला होता, "टर्बो गेला. नवा टाका."

"टर्बो गेला नाही, मॅडम," सुरवाडे म्हणाले. "तो हवा देतोय. पोचत नाहीये."

"कशावरून?"

"प्रेशर मोजलं तर कळेल. गेज नाही आपल्याकडे."

माझ्याकडे गेज होतं. बी.पी. मोजायचं, काट्याचं, तीनशेपर्यंतचं. सुरवाड्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जन्मात प्रथमच माझ्यासमोर हसले. इंजिनाच्या हवेच्या वाटेतून एक बारीक नळी निघत होती. तिला त्यांनी सलाइनच्या सेटमधला जोड लावला आणि माझ्या यंत्राची रबरी नळी खिडकीतून आत घेतली. पहूरच्या बाहेर एक चढ आहे. पाटीलने पूर्ण रेस दिली. काटा नव्वदवर थांबला.

"किती हवा?" मी विचारलं.

"तीनशेच्या पार जायला पाहिजे. डायल कमी पडायला पाहिजे."

पाटील स्टिअरिंगला थोपटत म्हणाला, "गाडीनं बी.पी. लो शे, मॅडम. मीठ-पाणी पाजूत का?"

हवा कुठेतरी गळत होती. टर्बोपासून इंजिनापर्यंत एक जाड रबरी पाइप जातो. सुरवाड्यांनी तो वरून पूर्ण बघितला, क्लिपा पुन्हा आवळल्या, साबणाचं पाणी लावलं. उभ्या गाडीत एकही बुडबुडा आला नाही. अंधार पडला. मी लिहिलं, "वॅगन फक्त स्थानिक कामासाठी. घाटात नेऊ नये."

मंगळवारी अँब्युलन्स एका रुग्णाला घेऊन धुळ्याला गेली होती. १३२० ला द्वारकाअक्कांना आणलं. वय पंचावन्न, एका शहीद शिपायाची पत्नी. आमच्याच कॅम्पला येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डोक्यावर पडल्या होत्या. आधी बोलत होत्या, "माझी चप्पल कुठे गेली," असं दोनदा विचारलं. १३४५ ला त्यांचं बोलणं थांबलं. मी डोळ्यांत टॉर्च मारला. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती.

मेजर साहेबांनी एकदाच बघितलं. "आत रक्तस्राव आहे. मेंदूचा सर्जन औरंगाबादला. चार तासांच्या आत टेबलावर पाहिजे."

औरंगाबादचा रस्ता अजिंठ्याच्या घाटातून जातो. साहेबांना वॅगनबद्दल माहीत होतं. कॅम्पात अजून चाळीस रुग्ण होते, त्यामुळे साहेबांना हलता येत नव्हतं. दुसरी गाडी शोधायला माणूस धाडला होता, तो परतला नव्हता.

"सुरवाडे, चढेल?"

"चढवतो, साहेब."

१४०० ला निघालो. पाटील चालवत होता, सुरवाडे शेजारी, मी मागे स्ट्रेचरजवळ. फर्दापूरपर्यंत ठीक गेलो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात आली. तिसऱ्यावर काळ्या धुराने मागची काच भरली. पाण्याचा काटा लाल पट्टीला टेकला आणि गाडी उभी राहिली. १४५२.

मी गाडीतला वायरलेस सेट घेतला; कॅम्पातल्या सेटवर, म्हणजे 'वन'वर, मेजर साहेब होते आणि आम्ही 'टू'.

"वन, फॉर टू. गाडी थांबली. ओव्हर."

"टू, फॉर वन. पेशंट? ओव्हर."

"नाडी छप्पन. श्वास चालू. ओव्हर."

"किती वेळ थांबणार? ओव्हर."

मी सुरवाड्यांकडे बघितलं. त्यांनी दोन बोटं, मग मूठ दाखवली.

"वीस मिनिटं. ओव्हर."

चाकांना दगड लावले. सुरवाडे बॉनेटमध्ये वाकले. "पाटील, इंजिनावर लोड आल्याशिवाय ती गळती तोंड उघडत नाही. हँडब्रेक ओढ. पहिला गिअर. क्लच अर्धा सोड आणि रेस दे. मी म्हणेपर्यंत सोडू नको."

"हात आत शे तुमना, भाऊ!"

"म्हणूनच सांगतोय, क्लच पूर्ण सोडू नको."

गाडी थरथरायला लागली. मी अक्कांचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. उघड्या बॉनेटच्या कडेने मला सुरवाड्यांचा फक्त खांदा दिसत होता. ते टर्बोच्या मागून, पाइपाच्या खालच्या बाजूने हात सरकवत होते. कुठलाही आवाज त्यांनी केला नाही. मग म्हणाले, "बस. सापडलं."

पाटीलला अक्कांजवळ बसवून मी पुढे गेले. पाइपाला खालून, क्लिपेच्या कडेला, बोटभर लांब चीर होती. वरून ती दिसणं शक्य नव्हतं. मी पाइपाला हात लावला. तो चिखलासारखा मऊ होता आणि हाताला काळा रंग लागला.

"रबर इतकं मऊ कसं झालं?"

"डिझेलनं, मॅडम. सकाळी चमक आणायला डिझेलच्या बोळ्यानं पुसतात. लोखंडाला चालतं. रबर कुजतं. मग क्लिप आत रुतली."

लष्करात इन्स्पेक्शनच्या आधी गाड्या अशाच चमकवतात. पाच आठवडे रोज ती चमक बघून मी "उत्तम" लिहिलं होतं.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. माझ्या पेटीत रबरी बँडेज होतं. ऑपरेशनच्या आधी हातापायावर आवळतात, तसलं. पाइप स्पिरिटने पुसून कोरडा केला. सुरवाडे डाव्या हाताने चीर मिटवून धरत होते आणि मी बांधत होते, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, मोडलेल्या पायाला बांधावं तसं. वर चिकटपट्टी, वर दोन क्लिपा. रेडिएटरला पाणी दिलं. १५१४ ला गाडी हलली.

बी.पी.ची नळी अजून खिडकीत लोंबत होती. पुढच्या चढावर काटा दोनशेवर गेला, मग अडीचशेवर, मग डायलच्या शेवटाला टेकला. पाटीलने तो बघितला आणि काही विनोद केला नाही. धूर थांबला होता.

१७२५ ला द्वारकाअक्का ऑपरेशन टेबलावर होत्या. रात्री आठला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "वेळेत आणलंत." अक्का पुढे सतरा वर्षं जगल्या.

बाहेर चहा आला तेव्हा सुरवाड्यांनी ग्लास डाव्या हातात घेतला. मी उजवा हात मागितला. त्यांनी दिला नाही, मग मी ऑर्डर दिली. टर्बोच्या कवचाला टेकून तळवा आणि चार बोटं भाजली होती, फोड फुटले होते. त्याबद्दल त्यांनी पाच तास तोंडातून शब्द काढला नव्हता. मी ड्रेसिंग केलं.

"मॅडम, रिपोर्टमध्ये वाहनाची चूक माझ्या नावावर लिहा. मी मेकॅनिक होतो."

"ऑर्डर माझी होती," मी म्हणाले. आणि तसंच लिहिलं. व्यापाऱ्याला नवा पाइप घेऊन दिला.

पुढच्या हिवाळ्यात सुरवाडे उत्तरेकडे एका डोंगरी रस्त्यावर होते. दरड कोसळून अडकलेल्या ट्रकला ते बाहेर काढत होते. दोन जवानांना त्यांनी मागे ढकललं. दुसरी दरड त्यांच्यावर आली.

रजेवर आल्यावर मी पहूरला गेले. त्यांची आई ओट्यावर बसली होती. मी नाव सांगितलं.

"त्यानं चिठ्ठीत लिहिलं व्हतं, कॅप्टनबाईनं गाडीले पट्टी बांधली. मी म्हनलं, पोरगा मायले हसवते. खरं व्हतं का?"

"खरं होतं. त्यांचा हात भाजला होता त्या दिवशी."

"ते नाही लिहिलं." त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याला येनारा पोरगा त्या दिवसापासून कॅम्प उठेपर्यंत आलाच नाही. चिठ्ठीत म्हने, कामात हाये. कोनता हात?"

"उजवा."

त्यांनी हळूहळू मान हलवली.

"मंग ती चिठ्ठी त्यानं डाव्या हातानं लिहिली," त्या म्हणाल्या. "मले वाचून देनाऱ्या मास्तरले अक्षर लागत नव्हतं. मी बिचाऱ्या मास्तरलेच बोलली, की तुले वाचता येत नाही."