बधिर हाताची ढोलकी

"गोल्फर्स एल्बो," डॉक्टर म्हणाले. आमच्या घाटकोपरच्या वस्तीत कोणी गोल्फ खेळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, टेंडन, तो कोपराच्या आतल्या बाजूला झिजला होता. मी आमच्या बायकांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवते. तिची डावी बाजू मनगटाने दाबून घुमवायची असते आणि सगळा ताण त्या कोपरावर येतो. जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले होते आणि मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता.

डॉक्टरांनी विश्रांती आणि व्यायाम सांगितला. मला घाई होती, म्हणून मी अंधेरीतलं एक चकचकीत क्लिनिक गाठलं. तिथे पीआरपी करतात, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. आपलंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात, जखम भरायला मदत करणाऱ्या प्लेटलेट जास्त असलेला पिवळट भाग वेगळा करतात आणि दुखऱ्या जागी टोचतात.

तिथे केस उगवण्यासाठीही हेच करत होते. बाहेर दोघे-तिघे डोक्यावर रक्ताचे बारीक ठिपके घेऊन मोबाईल बघत बसले होते. खोलीत अत्तराचा फवारा मारलेला, आणि माझ्या खुर्चीच्या उशीवर कोणाचा तरी सुकलेला डाग. तेव्हाच उठायला हवं होतं.

रक्त काढलं. कोपरासाठी मी रोज सूज उतरवणारी गोळी घेत होते, पण गोळ्यांचं कोणी विचारलंच नाही. जागा बधिर करून सुई टोचली. मी तालमीहून थेट गेले होते, ढोलकी चांगल्या खांद्याला अडकवून सोबतच आणली होती. तिथल्या डॉक्टरांची नजर तिच्यावर गेली.

"अरे वा, आर्टिस्ट! ताई, जरा वाजवून दाखवा ना. एक छोटी रील करू."

ढोलकी पुढे ठेवली की आमचा हात थांबत नाही, वर्षानुवर्षांची सवय. कोपर बधिर असल्याने कळही येत नव्हती. मी वाजवली, आणि वर हसलेसुद्धा.

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि कोपर टम्म सुजलं. क्लिनिकला फोन केला, तर "नॉर्मल आहे मॅडम" म्हणून ठेवून दिला.

काही दिवसांनी ती रील सगळ्यांच्या मोबाईलवर आली. खाली लिहिलं होतं, उपचारानंतर पंधरा दिवसांनी. माझा तो हसरा चेहरा बघून मला स्वतःचीच किळस आली.

आमच्या पार्टीच्या प्रमुख वंदनाताई घरी आल्या. "अगं मंगल, मोबाईलमध्ये तर झकास वाजवतेस. आमच्यासमोरच हात दुखतो काय गं?"

मी बाही वर करून कोपर दाखवलं. त्यांनी ते निरखून पाहिलं, पण त्यांच्या मनातून शंका गेली नव्हती. जयंतीला माझ्या जागी दुसरी मुलगी बसली. मी मागच्या रांगेत टाळ्यांनी ठेका धरत होते, त्याही धड वाजत नव्हत्या.

शेवटी पहिल्याच डॉक्टरांकडे परत गेले. ते चिडले. "पीआरपीच्या आधी आणि नंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या बंद ठेवतात. भरून यायला ती सूजच लागते. आणि टोचल्या टोचल्या ढोलकी?"

"पण त्या सुईने बरं होईल ना?"

"कदाचित. खात्री मी देणार नाही."

खात्री न देणारा माणूस भेटला याचंच मला बरं वाटलं. त्यांनी सांगितलेला व्यायाम मी कंटाळत, शिव्या घालत, पण रोज केला. पावसाळा सरता सरता तांब्या उचलता आला. आता एखादं गाणं वाजवते. व्यायामाने बरं झालं की त्या पिवळ्या पाण्याने, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्या क्लिनिकचा गुण आला असेल, या विचारानेही तोंड कडू होतं. रील अजून तिथेच आहे, लोक अजून मला अभिनंदन पाठवतात.

तुमच्यावर ही वेळ आली तर रक्ताला, सुईला घाबरू नका. गोळ्यांचं स्वतःहून सांगा. आणि सुईच्या खोलीत कोणी मोबाईल उचलला, तर हात मागे घ्या, आणि हसू तर मुळीच नका.