एकाच रंगाची हेल्मेटं

जानेफळच्या चौकात आज माझ्या काकाच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागलाय. त्यावर काकापेक्षा मोठा फोटो ज्या ठेकेदाराचा आहे, त्यानेच काकाच्या हेल्मेटला रंग फासला होता.

बॅनरवर लिहिलंय, काळाने घाला घातला.

काळाने नाही. ऑइल पेंटने.

बाळूकाका सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली प्लेटा-टेकू लावायचं काम करायचा. मी बालवाडीत जायच्या आधी घरी मला त्यानेच शिकवलं. अक्षरं, पाढे, आणि हाताला येईल ते वाकवून बघणं.

प्लास्टिकच्या डब्याचं निळं झाकण माझ्यासमोर हळूहळू वाकवायचा. घडीवर पांढरी रेघ उमटायची.

"पाह्य, पांढरं पडलं. त्याले दुखून राह्यलं. आता सोडलं नाही तं मोडन."

मी आज पॉलिमरमध्ये रिसर्च करते ती त्या झाकणामुळे. आमच्या लॅबमध्ये आम्ही एक चिवट प्लास्टिक बनवतोय. ताण सोसेनासा झाला की ते पिवळ्याचं लाल होतं. तुटायच्या आधी.

फोनवर हे सांगितलं तेव्हा काका हसला. पांढरं तर ते आपसूकच पडते, मग लाल काऊन, असं विचारलं. मी म्हटलं, पांढरं सगळ्यांच्या लक्षात येत नाही, लाल येईल.

"ज्याले पाहाचंच नाही, त्याले लालबी दिसत नाही, माय."

गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या साइटवर एकाच्या हेल्मेटवर वीट पडली. माणूस वाचला, पण हेल्मेटच्या टाळूवर पांढरा डाग उमटला. ते पुन्हा कुणी घालू नये म्हणून काकाने ते उलटं ठेवून त्यात खिळे भरले.

मग स्लॅबच्या पूजेला मोठे पाहुणे येणार असं ठरलं. फोटो चांगले यावेत म्हणून ठेकेदाराने सगळी जुनी निळी हेल्मेटं थिनरने पुसून पिवळी रंगवून घेतली. खिळे ओतून टाकले आणि तेही रंगवलं.

थिनरने प्लास्टिक आणखी कमजोर होतं, हे सोडाच. डाग झाकला गेला.

त्यातलं खराब कोणतं, असं काकाने विचारलं होतं. सोबत काम करणारा रमेशदादा तिथेच होता, त्यानेच मला सांगितलं. ठेकेदार म्हणाला, "आता सगळेच नवे झाले ना, बाळू."

सगळी सारखी. हाताला लागलं ते डोक्यावर.

पूजेच्या दुसऱ्याच दिवशी वरून सेंट्रिंगची लोखंडी प्लेट काकाच्या डोक्यावर पडली.

फुटलेलं हेल्मेट मी स्वतः खरवडून पाहिलंय. तडा त्या पांढऱ्या डागातूनच गेला होता.

मी खोटं लिहिणार नाही. प्लेट जड होती. धड हेल्मेट असतं तर काका वाचलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे वाक्य कितीदा खोडलं आणि परत लिहिलं.

पण वाचायची जी काही संधी होती, ती फोटोसाठी रंगवली गेली. हे मी सांगू शकते.

आज पहिला स्मृतिदिन. सकाळी ठेकेदार घरी आला. काकाच्या नावाने मजुरांना हेल्मेट वाटप आहे म्हणे. काकूने स्टेजवर यायचं, पहिलं हेल्मेट तिच्या हातून द्यायचं. दाखवायला एक सोबत आणलं होतं.

पिवळं. चकचकीत.

मी केसातली पिन काढली आणि हेल्मेटच्या टाळूवर जोरात ओढली.

खाली निळं.

तो हसला. "वहिनी, शिकलेल्या पोरीले सगळीकडे खोटच दिसते."

काकूने माझ्याकडून हेल्मेट घेतलं, त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि ते त्याच्यासमोर धरलं.

"तुमी हे घाला, अन् प्लेटीखाली उभे राहा. मंग येतो मी स्टेजवर."

तो उठून गेला. हेल्मेट काकूने परत दिलं नाही.

कार्यक्रम संध्याकाळी आहे. काकूची खुर्ची रिकामी राहील. त्याआधी आम्ही दोघी साइटवर जाणार आहोत, पिन घेऊन. मला भीती वाटतेय. तरी जाणार आहे.

जानेफळ, मेहकरकडचे जे कुणी सेंट्रिंगवर जात असाल, त्यांनी उद्या कामावर चढायच्या आधी डोक्यावरचं खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर घालू नका. कुणीही सांगितलं तरी.

भावपूर्ण श्रद्धांजली चौकात लागली आहे. माझी ही इथे, संतापासकट.

जय भीम, काका.